बोटी मोजू नका, गळ मोजा

वाचकाचं पत्र, थोडक्यात: "हौशी मासेमारांना समुद्रात घेऊन जाणाऱ्या चार्टर बोटींच्या विभागीय संघटनेचा मी चिटणीस आहे. आमच्या पट्ट्यात सहा वर्षांत अशा बोटी जवळजवळ दुप्पट झाल्या. जवळच्या खडकांवर सकाळी सात वाजता नांगर टाकायला जागा नसते, मासा लहान मिळू लागलाय आणि एकमेकांचे दर पाडणं चालू आहे. पुढच्या महिन्यात सभेपुढे एका ओळीचा ठराव येतोय: 'यापुढे नव्या चार्टर बोटींना परवाना देऊ नये, अशी शिफारस मत्स्य-प्रशासनाला करावी.' ठरावाला पाठिंबा द्यावा का? त्यात आणखी काय लिहावं? आणि एक अडचण आहे. माझ्याच बोटीवर आठ वर्षं खलाशी असलेला मुलगा पुढच्या वर्षी स्वतःची बोट घेणार आहे. आम्ही त्याच्या पोटावर पाय देतोय का?"

चिटणीस महाशय, नमस्कार.

ठरावाला पाठिंबा द्या, पण या एका ओळीला देऊ नका. ही ओळ बोटी मोजते. माशाला बोटींशी देणंघेणं नाही. त्याच्या तोंडासमोर येतो तो गळ. म्हणून सभेआधी एक साधा हिशेब कागदावर मांडा. समजा चाळीस बोटी आहेत, प्रत्येकीत सहा गिऱ्हाइकं (म्हणजे सहा गळ) बसतात आणि हंगामात प्रत्येकीच्या साठ फेऱ्या होतात. ४० × ६ × ६० म्हणजे १४,४०० गळ-दिवस. आता नव्या बोटी बंद झाल्या, गिऱ्हाईक मात्र वाढतंच राहिलं. त्याच चाळीस बोटी साठाऐवजी नव्वद फेऱ्या मारू लागल्या की आकडा २१,६०० वर जातो. बंदी घातली नसती आणि वीस नव्या बोटी येऊन साठ-साठ फेऱ्या मारत्या, तरी एवढेच झाले असते. अडवलेल्या वीस बोटींचं काम जुन्यांनी वाटून घेतलं, एवढाच फरक.

त्यात झोपलेले परवाने जागे होतात. प्रत्येक यादीत अशा बोटी असतात ज्या कागदावर चार्टर आहेत, पण वर्षाला पाच-सात फेऱ्यांपलीकडे जात नाहीत. बंदी जाहीर होताच त्या परवान्याला किंमत येते. मालक एक तर स्वतः बोट जोरात चालवू लागतो, नाहीतर जो चालवेल त्याला परवाना विकतो. म्हणून प्रशासनाकडे मागच्या पाच वर्षांचे आकडे मागा आणि चारच रकाने करा: बोट, फेऱ्या, दर फेरीतली सरासरी गिऱ्हाइकं, एका फेरीतली सर्वाधिक गिऱ्हाइकं. हे चार रकाने भरले नाहीत तर सभा निव्वळ आवाजावर चालेल.

नुसती बोटींची बंदी पुरत नाही याचा सर्वांत स्वच्छ दाखला मेक्सिकोच्या आखातातला आहे. अमेरिकेच्या संघीय पाण्यात (राज्यांच्या हद्दीपलीकडच्या, केंद्राच्या ताब्यातल्या समुद्रात) खडकाळ तळावरचे मासे आणि किनाऱ्यालगत स्थलांतर करणारे मासे यांसाठीच्या चार्टर परवान्यांवर १६ जून २००३ पासून स्थगिती आली. ती आधी तीन वर्षांची होती. २००६ मध्ये बेमुदत झाली. चार्टर ताफा गोठला. पण रेड स्नॅपर या खडकाळ तळावरच्या माशावर खाजगी हौशी बोटीही जात होत्या आणि त्यांच्या संख्येवर कुठलाच लगाम नव्हता. दोघांचा वाटा (वर्षाला किती मासा काढायचा तो कोटा) एकच, हंगामही एकच. परिणाम असा की २०१४ मध्ये संघीय पाण्यातला रेड स्नॅपरचा हौशी हंगाम अवघा ९ दिवसांचा झाला. त्याला इतर कारणंही होती: किनाऱ्यावरच्या राज्यांनी आपापल्या पाण्यात लांब हंगाम ठेवले होते, आणि न्यायालयाच्या निकालानंतर कोट्यातून सावधगिरीची २० टक्के कपात झाली होती. तरी अकरा वर्षं ताफा गोठवून बसलेल्या चार्टरवाल्याच्या हातात नऊच दिवस आले, ही गोष्ट उरतेच.

वर त्याच्यावर आणखी एक जू होतं. २००९ पासून, तिथल्या मत्स्य-आराखड्याच्या ३०-बी या दुरुस्तीनुसार, संघीय परवान्याच्या बोटीने राज्य आणि संघ यांपैकी जो नियम कडक असेल तो पाळायचा, मग ती राज्याच्या पाण्यात का असेना. शेजारची बिनपरवाना बोट राज्याच्या पाण्यात मासे काढतेय आणि परवानाधारक धक्क्याला बांधून ठेवलेला, असं चित्र त्यातून तयार झालं. २०१५ मध्ये चाळिसावी दुरुस्ती लागू झाली आणि हौशी कोट्याचे दोन भाग झाले: खाजगी बोटींना ५७.७ टक्के, संघीय परवान्याच्या चार्टर बोटींना ४२.३ टक्के. त्या वर्षी चार्टरला ४४ दिवस मिळाले आणि खाजगी बोटींना १०. बोटींची संख्या २००३ पासून गोठलेलीच होती. पदरात काही पडलं ते वाटा वेगळा झाल्यावर.

म्हणून तुमच्या ठरावात पहिली मागणी ही हवी: परवान्यांवर मर्यादा आणि चार्टरसाठी वेगळा वाटा, दोन्ही एकाच प्रस्तावात. वाटा 'पुढे बघू' म्हणून सोडलात तर तो पुढेच राहतो. कारण परवाना हातात पडल्यावर तुमच्याच सभासदांचा उत्साह ओसरतो.

आता तुमच्या तीन तक्रारींकडे. खडकांवरची गर्दी परवान्याने फारशी हटत नाही. गर्दी जागेची आणि वेळेची आहे, आणि सगळ्यांना जवळचाच खडक हवा असतो. तिला वेळा वाटून घेणं किंवा नांगराऐवजी वाहत्या बोटीवरून गळ टाकण्याचा आपसातला संकेत, हे जास्त लागू पडतं. लहान मासा मिळणं हे वाट्याशी आणि आकारमर्यादेशी जोडलेलं आहे. राहिली दरांची पाडापाडी. मर्यादेने ती हळूहळू थांबते, पण ठरावात हे कारण अजिबात लिहू नका. अमेरिकेच्या मॅग्नसन-स्टीव्हन्स या मासेमारीच्या कायद्यातलं पाचवं राष्ट्रीय मानक स्पष्ट सांगतं की कुठल्याही उपायाचा एकमेव हेतू आर्थिक वाटणी हा असता कामा नये. इतर ठिकाणी कायद्याचे शब्द वेगळे असतील, पण आधीपासून धंद्यात असलेल्यांनी आपले दर टिकवायला दार लावून घेतलं, असा वास आला की प्रस्ताव पहिल्याच सुनावणीत पडतो. आणि प्रशासन नाही म्हणालं तर 'मग आपणच नव्यांना धक्क्यावर उभं करू नये' असं सभेत कोणी सुचवेलच. ते तिथेच थांबवा. व्यावसायिकांनी आपसात ठरवून नव्याची वाट अडवणं हा स्पर्धा-कायद्याचा भंग ठरू शकतो. प्रवेश बंद करायचा तो सरकारी नियमानेच.

त्याच मॅग्नसन-स्टीव्हन्स कायद्यात मर्यादित प्रवेश आणताना काय काय विचारात घ्यायचं याची यादी आहे: सध्या कोण धंद्यात आहे, पूर्वापार कोण होतं आणि किती अवलंबून आहे, धंद्याचं अर्थकारण, बोट दुसऱ्या माशांकडे वळवता येईल का, किनाऱ्यावरच्या वस्तीची सामाजिक-सांस्कृतिक घडण, आणि हक्कांची न्याय्य वाटणी. तुम्ही कुठल्याही देशात असा, प्रस्तावाचे परिच्छेद या क्रमाने लिहिलेत तर विचारले जाणारे बहुतेक प्रश्न आधीच उत्तरलेले असतील.

क्रमाने मात्र सर्वांत आधी येते ती कट-ऑफ तारीख. प्रस्तावाची नुसती कुणकुण लागली तरी नव्या बोटींची रीघ लागते. ज्यांच्या मनात नव्हतं तेही 'घेऊन ठेवू' म्हणून अर्ज करतात. दोन वर्षं चर्चा करून मग तारीख ठरवणं म्हणजे बैल गेला आणि झोपा केला. तारीख जाहीर केल्याने काहीच बंद होत नाही. प्रशासन एवढंच सांगतं की या दिवसानंतर धंद्यात येणाऱ्याला पुढे परवाना मिळेलच याची हमी नाही. आखातात ही तारीख २९ मार्च २००१ होती, म्हणजे स्थगितीच्या दोन वर्षांहून आधी. अलास्कात हॅलिबट या मोठ्या चपट्या माशाच्या चार्टरसाठी ती ९ डिसेंबर २००५ ठरली. नियम जानेवारी २०१० मध्ये प्रसिद्ध झाला आणि परवान्याशिवाय चार्टर चालवणं १ फेब्रुवारी २०११ पासून बंद झालं. पाच वर्षांहून जास्त. तुमच्या सभासदांना वाटत असेल की पुढच्या हंगामात दार बंद होईल, तर त्यांना हे आकडे वाचून दाखवा.

तारखेच्या सूचनेत तीन गोष्टी चोख हव्यात. एक, त्या दिवशी नेमकं काय असायला हवं: परवान्याचा अर्ज पोचलेला, की प्रत्यक्ष फेरी झालेली? 'धंद्यात असलेला' एवढंच लिहिलं की वकिलांची चांदी. दोन, बांधणी चालू असलेल्या बोटींचं काय? आखातात तारखेपूर्वी बांधणी सुरू झालेली आणि किमान ५,००० डॉलर खर्चाचे कागद असलेली बोट पात्र धरली होती. रक्कम हवीच, नाहीतर आगाऊ दिलेल्या फुटकळ रकमेची पावतीसुद्धा 'बांधणी' ठरते. तीन, कोणत्या मासेमारीला ती लागू आहे. सगळ्या चार्टरना एकच तारीख लावलीत तर देवमासे दाखवणाऱ्या सहलींच्या बोटीही रांगेत उभ्या राहतील.

पात्रतेचा पुरावा लॉगबुकाचाच, म्हणजे फेऱ्यांच्या नोंदवहीचाच, धरा. जाहिराती, संकेतस्थळं, गिऱ्हाइकांचे फोटो, बँकेतल्या जमा रकमा हे सगळं लोक आणून देतात आणि त्यातून फेऱ्यांची संख्या कधीच नीट निघत नाही. अलास्काचा साचा इथे जवळजवळ जसाच्या तसा घेण्यासारखा आहे. तिथे दोन काळ तपासले: २००४ किंवा २००५ यांपैकी एक वर्ष, आणि अलीकडचं म्हणून २००८. दोन्ही काळांत किमान पाच-पाच फेऱ्या लॉगबुकात असतील तर परवाना, पण दुसऱ्याच्या नावावर न होणारा. एकाच बोटीच्या किमान पंधरा-पंधरा फेऱ्या असतील तर हस्तांतर करता येणारा. दोन काळ का? फक्त जुनं वर्ष पाहिलं तर धंदा सोडून गेलेल्यांना परवाने मिळतात. फक्त अलीकडचं पाहिलं तर तारखेनंतर घुसलेल्यांना. आजारपण, बोट बुडणं, लष्करी सेवा यांसारख्या कारणांनी एखादं वर्ष हुकलेल्यांसाठी अपवाद ठेवा, पण त्यांनी दुसऱ्या वर्षात भाग घेतलेला असला पाहिजे. आणि अपील चालू असताना काय, हे आधीच लिहा. अलास्कात अपील प्रलंबित असलेल्यांना हंगामी परवाने द्यावे लागले. न्यायाच्या दृष्टीने ते बरोबर आहे, पण तोवर ताफ्याचा खरा आकडा कोणालाच ठामपणे सांगता येत नाही.

लॉगबुक नसेल, किंवा असूनही कोणी भरत नसेल, तर आजच सुरू करा आणि बंदीचा विषय दोन हंगाम पुढे ढकला. हे ऐकायला कोणालाच आवडत नाही. पण पुराव्याशिवाय वाटलेले परवाने हे ओळखीने वाटलेले परवाने असतात.

आता गळांकडे परत. परवान्यावर जागांची संख्या छापलेली हवी: या परवान्यावर एका वेळी इतकेच गळकरी. आखातात मूळ परवान्याची प्रवासी-क्षमता हीच कमाल मर्यादा राहते. परवाना मोठ्या बोटीवर नेला तरी माणसं वाढत नाहीत. अलास्कात पात्रतेच्या वर्षांत कुठल्याही एका फेरीत नेलेल्या सर्वाधिक गळकऱ्यांची संख्या परवान्यावर आली आणि चारपेक्षा कमी कोणालाच दिली नाही. चूक करायचीच असेल तर इथे होते. वर्षभर सरासरी चार माणसं नेणाऱ्या बोटीने एका दिवशी सहा नेली असतील तर तिला सहा जागा मिळतात. सगळ्या ताफ्याची बेरीज केली की कागदावरची क्षमता प्रत्यक्ष वापरापेक्षा बरीच फुगलेली निघते, आणि ती फुगलेली हवा पुढे कधीही भरता येते. म्हणून तुमच्या चार रकान्यांत सरासरी आणि सर्वाधिक दोन्ही मागितले. आमचं मत विचाराल तर जागा सरासरीवरून ठरवा, अपूर्णांक वरच्या आकड्यावर न्या, आणि किमान चार ठेवा. त्याखाली धंदा चालत नाही. सभासद सर्वाधिक आकड्यासाठी भांडतील. भांडू द्या, पण फरक किती गळांचा आहे तो फळ्यावर लिहून ठेवा.

याच्याशी जोडलेलं एक छोटं कलम विसरलं जातं. पाण्यातले गळ पैसे भरून आलेल्या माणसांइतकेच, आणि कप्तान-खलाशांनी स्वतःसाठी मासा ठेवायचा नाही. नाहीतर सहा जागांच्या बोटीवर आठ काठ्या लागतात आणि जास्तीचे मासे सहा गिऱ्हाइकांच्या नावावर चढतात. दोन परवाने एका बोटीवर जोडून जागा वाढवू देणार का, हेही ठरवा. अलास्कात चालतं. चालू द्यायला हरकत नाही, कारण एकूण गळ तेवढेच राहतात. मात्र बोटीची सुरक्षा-तपासणी वेगळ्या वर्गात जाते, ते मालकाला माहीत हवं. अमेरिकेत सहापेक्षा जास्त पैसे देणारे प्रवासी नेणाऱ्या बोटीला तटरक्षक दलाचं तपासणी-प्रमाणपत्र लागतं.

'चार्टर' या शब्दाची व्याख्या मात्र शब्द मोजून लिहा, कारण बंदीनंतर सगळी कल्पकता तिथेच वळते. कोणी म्हणेल, मी फक्त डिझेलचे पैसे वाटून घेतो. कोणी गिऱ्हाइकाला बोट भाड्याने देईल आणि स्वतः दुसऱ्या बोटीतून पुढे जाऊन 'इथे टाका' म्हणून दाखवेल. अलास्कात नेमका हा प्रश्न आला. वाटाड्या त्याच बोटीत नसला तरी मोबदला घेऊन केलेली मदत ही चार्टरच, हे स्पष्ट करायला २०१५ मध्ये नियम बदलावा लागला. वाटाड्याशिवाय भाड्याने दिलेल्या बोटी मात्र मर्यादेबाहेरच राहिल्या, आणि चार्टरवरचे नियम कडक होत गेले तसं लोकांचं लक्ष त्यांच्याकडे वळलं. तुमच्या पट्ट्यात अशा भाड्याच्या बोटी असतील तर त्यांची नोंदणी आणि मोजणी तरी पहिल्या दिवसापासून सुरू करा. त्यांच्यावर मर्यादा आज नको असेल, पण आकडे उद्या लागतील.

मग येतो हस्तांतराचा प्रश्न. सभेत यावर सर्वांत कमी बोललं जाईल आणि नंतर सर्वांत जास्त भांडण यावरूनच होईल. परवाना मुक्तपणे विकता आला तर आज धंद्यात असलेल्यांच्या हाती घबाड लागतं. फुकट मिळालेला कागद ते उद्याच्या तरुणाला विकतात आणि तो तरुण बोटीच्या कर्जाबरोबर कागदाचंही कर्ज फेडत बसतो. अजिबात विकता आला नाही तर ताफा आपोआप घटतो, पण म्हातारा मालक धंदा सोडत नाही, परवाना कंपनीच्या नावावर टाकतो आणि कंपनी मरत नाही. अलास्काने दोन्ही प्रकार एकत्र वापरले. जे थोड्या फेऱ्यांवर पात्र ठरले त्यांचे परवाने मालकासोबत संपतात, आणि कंपनीत नवा भागीदार आला तर तोही मालकीबदल धरला जातो. हे शेवटचं वाक्य तुमच्या मसुद्यात हवंच. एका हाती किती परवाने, यावर मर्यादा घाला; तिथे ती पाचची आहे, पहिल्या वाटपातच जास्त मिळालेल्यांना सवलत देऊन. लहान ताफ्यात पाच फार होतात, दोन किंवा तीन पुरे.

भाडेपट्टा हा हस्तांतराचा मागचा दरवाजा. मालक गावाबाहेर, परवाना तिसऱ्याच्या बोटीवर आणि दर हंगामाला पैसे घरबसल्या: आयत्या बिळावर नागोबा. अलास्कात कोण कोणाचा परवाना वापरतो हे कळावं म्हणून पुढे दरवर्षी नोंदणी करणं सक्तीचं करावं लागलं. तुम्ही ते पहिल्या वर्षापासून ठेवा: वार्षिक नूतनीकरण, त्यात बोट कोणती, कप्तान कोण, परवान्यासाठी पैसे दिले-घेतले का. न वापरलेला परवाना रद्द करावा असं कोणी सुचवेल. ते मोहक आहे पण उलटतं. किमान फेऱ्यांची अट घातली की ज्याला या वर्षी जायचं नव्हतं तोही अट पुरी करायला जातो, म्हणजे तुम्ही स्वतःच गळ वाढवले. मुदतीत नूतनीकरण न केल्यास परवाना कायमचा जाईल, एवढी अट पुरते. आखातात मुदत संपल्यावर एक वर्षाची सवड असते.

थोडे परवाने बाजूला काढून ठेवायचेही विसरू नका. अलास्कात लहान किनारी वस्त्यांच्या ना-नफा संस्थांना, जिथे चार्टरचा धंदा रुजलाच नव्हता तिथे, विनामूल्य परवाने मागता येतात: आग्नेय अलास्कात दर वस्तीला चार, अलास्काच्या आखाताच्या मध्य भागात सात. असा राखीव साठा ठेवला नाही तर आज जिथे बोटी आहेत तीच बंदरं कायमची चार्टर बंदरं होतात.

वाटा ठरल्यावरही दरवर्षी कात्री लावावी लागेल, हे सभासदांना आधीच सांगा. अलास्कात २०१४ पासून व्यावसायिक आणि चार्टर यांच्यात हॅलिबटच्या वाटणीची योजना आहे. परवाने मर्यादित असूनही चार्टर गिऱ्हाइकांवर आकारमर्यादा येतात आणि काही भागात आठवड्यातले ठरावीक वार हॅलिबटसाठी बंद असतात. परवाना मिळाला म्हणजे मासा मिळाला असं नाही.

देखरेखीबद्दल थोडंच. बोटीच्या दोन्ही बाजूंना दुरून वाचता येईल असा परवाना-क्रमांक, लॉगबुक मासे उतरवण्याआधी भरलेलं, आणि परवानाधारकांची यादी सर्वांना पाहता येईल अशी. उपग्रहावरून बोटीवर चोवीस तास नजर ठेवणारं यंत्र पहिल्याच नियमात घालू नका. आखातात चार्टरवर असं यंत्र सक्तीचं करणारा नियम फेब्रुवारी २०२३ मध्ये अपील न्यायालयाने रद्द ठरवला, आणि त्याच्याबरोबर फेऱ्यांची इलेक्ट्रॉनिक नोंद ठेवण्याची सक्तीही गेली. वादग्रस्त कलम उपयोगी कलमाच्या गळ्यात बांधलं की दोन्ही बुडतात.

सभेसाठी मसुदा असा करा. पहिलं कलम कट-ऑफ तारखेचं, आणि प्रशासनाला ती लगेच जाहीर करण्याची विनंती. दुसरं, लॉगबुकाचे पाच वर्षांचे आकडे मागण्याचं. तिसरं, परवाना गळांच्या संख्येवर असावा. चौथं, मर्यादा आणि वेगळा वाटा एकत्रच विचारात घ्यावेत. हस्तांतर, भाडेपट्टा आणि राखीव परवाने यांसाठी पाच-सात जणांची समिती, तिच्यात किमान एक बिनबोटीचा कप्तान आणि एक खाजगी हौशी मासेमार. एवढंच. तपशील सभेत घासत बसलात तर पहाट होईल. मतदानापूर्वी प्रत्येकाने आपल्या नावावर किती बोटी, किती बांधणीत, हे इतिवृत्तात नोंदवावं. सुरुवात तुम्ही करा.

त्या मुलाबद्दल. हो, मालकालाच परवाना मिळेल असा नियम झाला तर त्याच्या पोटावर पाय येईल. अलास्कात परवाने धंद्याच्या मालकांना मिळाले. पगारावर बोट चालवणाऱ्या कप्तानांची वर्षं हिशेबात आली नाहीत. आखातात मात्र जुन्या कप्तानांसाठी खास कलम होतं: २९ मार्च २००१ पूर्वी तटरक्षक दलाचा कप्तानाचा परवाना हवा, तारखेपर्यंतच्या चार वर्षांपैकी एका तरी वर्षी कमावलेल्या उत्पन्नाचा किमान २५ टक्के भाग चार्टर मासेमारीतून आलेला हवा, आणि मिळालेल्या परवान्यावर बोट चालवायची तर तो कप्तान स्वतः बोटीवर हवा. पुढे ते परवाने साध्या परवान्यांत बदलून घेण्याची सोयही झाली. तुमच्या मसुद्यात हे कलम पाचवं म्हणून घाला. त्यात खलाशी बसतीलच असं नाही, कारण अट कप्तानाची आहे. म्हणून मुलाने कप्तानाची परीक्षा लांबवू नये, आणि कप्तानाचा परवाना हातात आल्यावर ज्या फेऱ्या तो खरोखर चालवेल त्या लॉगबुकात त्याच्याच नावाने लागाव्यात. पगाराच्या पावत्या आणि कराचे कागद त्याने जपून ठेवावेत, आठही वर्षांचे.

एक गोष्ट मात्र करू नका. तारीख जाहीर होण्याआधी त्याला कानात सांगून घाईने बोट नोंदवायला लावू नका. चिटणिसाच्या खलाशाची नोंद तारखेच्या आदल्या आठवड्यातली निघाली, तर तिच्यासकट सगळा प्रस्ताव संशयात जातो. ठराव सभेच्या सूचनेत छापा, सगळ्यांना एकाच दिवशी कळू दे, त्यालाही.

आणि नवी बोट बांधायला टाकण्याऐवजी त्याने जुनी चालती बोट घेण्याचा विचार करावा, असं आम्हाला वाटतं. घेताना करारात लिहून घ्यावं की उद्या परवाना लागू झाला तर या बोटीच्या फेऱ्यांचा इतिहास आणि त्यावर मिळणारा हक्क खरेदीदाराकडे जाईल. विकणाऱ्याकडून लॉगबुकांच्या प्रती त्याच दिवशी घ्याव्यात, नंतर मिळत नाहीत. बोटीची किंमत आणि या हक्काची किंमत करारात वेगवेगळी असावी, आणि परवाना मिळालाच नाही तर दुसरी रक्कम किती दिवसांत परत, हेही त्याच कागदावर हवं.